लाल लोकरीचा नारळ

आधीच सांगून ठेवते, मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा, हा माझा व्यवसाय. (नवरा म्हणतो, हा तुझा छंद लग्नाआधीपासूनचाच, अमेरिकेत आल्यावर त्याचे पैसे मिळायला लागले एवढंच.) आमच्याकडे एक नियम असतो — जी गडबड पुन्हा करून दाखवता येत नाही, ती झालीच नाही असं समजायचं. त्यामुळे भुतंखेतं, दृष्टांत, अंगात येणं, आजोबांनी स्वप्नात येऊन सांगणं... हे सगळं मी आजवर एकाच टोपलीत टाकत आले. या सदरातले अनुभव मी वाचते, नाही असं नाही, पण हसत हसत वाचते. आज माझी पाळी आली आहे. तुम्हीही खुशाल हसा. फक्त शेवटपर्यंत वाचा आणि काही सुचलं तर मला सांगा, कारण मी विचार करून करून थकले आहे!

२००६ सालची गोष्ट. आम्ही तेव्हा नॉर्थ कॅरोलिनात, मॉरिसव्हिलला राहत होतो. मी, माझा नवरा मंदार, पाच वर्षांची आमची सई, आणि सहा महिन्यांसाठी कोकणातून आलेल्या माझ्या सासूबाई. त्यांना मी आईच म्हणते. लग्नाला दहा वर्षं होत होती आणि मला कॉलेजात असल्यापासून एकच वेड होतं — ग्रीसचं बेट बघायचं. पांढरी घरं, निळी दारं, खाली समुद्र. मी महिनोन् महिने इंटरनेटवर शोधून एका बेटावरची प्रायव्हेट डे टूर ठरवली होती. सकाळी बीचेस, दुपारी जुनं शहर, आपली गाडी, आपला गाइड, कुणाची घाई नाही. मंदारला मी ती वेबसाइट इतक्यांदा दाखवली होती की तो झोपेतही तिथले रस्ते सांगू शकला असता.

आणि मग आमच्यासारख्यांचं जे होतं तेच झालं. मंदारच्या पासपोर्टातला एच-वन व्हिसाचा स्टॅम्प संपलेला होता! अमेरिकेत राहायला, नोकरी करायला पूर्ण परवानगी, पण एकदा देशाबाहेर पाऊल टाकलं की परत आत यायला वकिलातीत जाऊन नवा स्टॅम्प आणायचा. ग्रीसमधून ते करायचं म्हणजे सुट्टी कमी आणि रांगच जास्त. हे आमच्या लक्षात कधी आलं? बुकिंग करून झाल्यावर. दोन दिवस मी भांडी आपटली. "कॅन्सल केलं ना, आता सोड ना यार," असं मंदार म्हणाला तेव्हा आणखी एक दिवस आपटली.

तिसऱ्या दिवशी तो ऑफिसातून आला तोच नाचत. "मीनल, ग्रीस मिळालं! स्टॅम्प लागत नाही, विमान लागत नाही!"

फ्लोरिडात, गल्फच्या किनाऱ्यावर टार्पन स्प्रिंग्ज नावाचं गाव आहे. शंभर वर्षांपूर्वी ग्रीसच्या बेटांवरचे पाणबुडे समुद्रातून स्पंज काढायला तिथे आले आणि तिथलेच झाले. आजही तिथे ग्रीक बेकऱ्या, ग्रीक चर्च, ग्रीक कॉफी. आणि समोर समुद्रात एक बेट, तिथे नुसते पांढरे बीचेस. मंदारने चक्क प्रायव्हेट डे टूर शोधली होती. सकाळी जुनं गाव, दुपारी बोटीने बेटावर. मी नाक मुरडल्यासारखं केलं, पण खरं सांगते, मनात लाडू फुटत होते.

प्रश्न होता आईंचा.

आईंचं आणि समुद्राचं पटत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. रत्नागिरी जिल्ह्यात खाडीच्या तोंडाशी त्यांचं गाव. माझे सासरे तिथे शाळामास्तर होते. मंदार तीन वर्षांचा असताना एका सकाळी त्यांच्या छातीत दुखायला लागलं. सरकारी दवाखाना खाडीपलीकडे. लाँच निघाली, आई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसलेल्या, आणि ओहोटी लागली. खाडीच्या तोंडाशी लाँच वाळूच्या पट्ट्यात रुतली. पलीकडे दवाखान्याचं छप्पर दिसत होतं म्हणे. भरती येईपर्यंत सासरे गेले. तेव्हापासून आईंनी घराचं समुद्राकडचं मागचं दार लावून घेतलं ते लावूनच घेतलं. शिवणकाम करून मुलाला शिकवलं, पण त्याला कधी होडीत पाय ठेवू दिला नाही. नारळी पौर्णिमेला अख्खं गाव समुद्राला नारळ वाहायला जातं, आई घरात मशीन चालवत बसतात.

मंदारने भीत भीत बोटीचं सांगितलं. आई म्हणाल्या, "तू जाणार असशील तर मी येणार." आणि मग माझ्याकडे वळून, "अगो मीनल, नारळ मिळतो का इथं?"

मिळतो की! इंडियन ग्रोसरीत मिळतो. पण तो कसा, तर तासून गुळगुळीत केलेला, मध्यभागी फोडायला सोपं जावं म्हणून करवतीने गोल खाच पाडलेली, वर प्लॅस्टिक गुंडाळलेलं. आईंनी तो हातात घेऊन उलटासुलटा केला. "ह्याची शेंडी कुठं गेली? बोडका नारळ देवाला चालत नाही हो." मी म्हटलं, आई, अमेरिकेत देव ॲडजस्ट करतो. त्यांना ते पटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी गार्डन स्टोअरमधून फुलांच्या टांगत्या कुंड्यांना लावतात तो काथ्याचा तुकडा आणायला लावला, त्याचे धागे सोडवून सुरेख शेंडी वळली आणि सईच्या क्राफ्टच्या डब्यातली लाल लोकर घेऊन ती नारळाला घट्ट बांधली. शिवणकाम केलेला हात तो, काय सुबक बांधली होती! सई टाळ्या वाजवत म्हणाली, "आजी, द कोकोनट हॅज अ पोनीटेल!"

मार्चमध्ये स्प्रिंग ब्रेकला आम्ही निघालो. दशम्या, लसणाची चटणी, तिखटमिठाच्या पुऱ्या, कूलरमध्ये दही, आणि मागच्या सीटवर सईच्या शेजारी तो नारळ. आईंनी त्याला सीटबेल्टही लावायला लावला.

आणि ते गाव... काय सांगू! गाडीतून उतरल्याउतरल्या मला हसूच फुटलं. नदीच्या काठाने स्पंजच्या बोटी, त्यांच्यावर माळा करून वाळत घातलेले पिवळे स्पंज, बेकरीतून मध आणि दालचिनीचा वास, फुटपाथवर कॉफी पीत बसलेले म्हातारे, हातातले मणी जपमाळेसारखे ओढतायत पण जप करत नाहीयेत, गप्पा मारतायत. निळ्या दारांची घरंसुद्धा सापडली. आईंनी एक स्पंज उचलून बघितला आणि म्हणाल्या, "अनारशासारखी जाळी पडल्ये!" दुकानदारबाई कौतुकाने आईंच्या नऊवारीकडे बघत होती आणि आई तिच्या स्पंजांकडे. मंदारने तळलेले, मधात बुडवलेले गोळे एवढे खाल्ले की मी प्लेट ओढून घेतली.

आमचा गाइड म्हणजेच बोटीचा मालक, कॅप्टन निक. साठीचा, दणकट, मिशाळ. त्याचे आजोबा ग्रीसच्या बेटावरून आलेले पाणबुडे. तो बोटीकडे चला म्हणाला आणि आईंनी पिशवीतून नारळ काढला. मी मनात म्हटलं, झालं! इथे पाण्यात कागद टाकला तरी दंड असतो. मी घाईघाईने कॅप्टनला समजावायला लागले की हे आमचं असं असं असतं, बोटीत बसायच्या आधी समुद्राला... त्याने मला पुरतं बोलूही दिलं नाही. टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाला, "माझी आजी ब्रेड टाकायची. करू दे त्यांना."

आई धक्क्याच्या कडेला बसल्या. नारळाला हळदकुंकू लावलं. मी फोटो काढला, कारण नवा डिजिटल कॅमेरा होता आणि मी दिसेल त्याचे फोटो काढत होते. फोटोत आईंचे हात, नारळ, लाल लोकर, सगळं स्वच्छ आलं आहे. हा फोटो लक्षात ठेवा.

मग त्या पाण्याशी बोलल्या. मी जवळ होते म्हणून ऐकू आलं. "एकदा दिलंय तुला. आता ह्याच्याकडं बघू नको." आणि नारळ सोडला. नारळ धक्क्याच्या खांबाभोवती एक गिरकी घेऊन हळूहळू नदीबरोबर वाहायला लागला आणि आम्ही बोटीत बसलो.

बेटावर आम्ही पाचच माणसं! पिठीसाखरेसारखी वाळू, कोमट ऊन, शंख तर इतके की सईने फ्रॉकच भरून घेतला. आई आधी समुद्राकडे पाठ करून बसल्या होत्या. थोड्या वेळाने बघते तर तिरक्या बसलेल्या. मग सईने ओढून नेलं तेव्हा घोट्यापर्यंत पाण्यातसुद्धा गेल्या! मी मंदारला खूण केली, बघ बघ, आणि तेव्हा लक्षात आलं की तो हसत नाहीये. वाळूत बसून छाती चोळतोय.

"काय रे?"

"ॲसिडिटी. ते गोळे जास्त झाले."

आता हे वाचणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत आहे की मराठी पुरुषाला छातीत काहीही झालं तरी ती ॲसिडिटीच असते. मी पर्समधून पित्ताची गोळी दिली. आईंनी ओवा दिला. थोड्या वेळाने त्याच्या कपाळावर घाम आला, नुसता थेंब थेंब नाही, धारा. डावा हात दुखतोय म्हणाला. आणि मी आईंकडे बघितलं. त्यांचा चेहरा... तो मी लिहू शकत नाही. त्यांनी हे एकदा बघितलं होतं. मंदार तेव्हा जवळजवळ आपल्या वडिलांच्याच वयाचा होता.

कॅप्टन निक एका क्षणात बदलला. ॲस्पिरिन काढली, मंदारला चावून खायला लावली, आम्हाला सगळ्यांना बोटीत चढवलं आणि रेडिओवर कोस्ट गार्डशी बोलायला लागला. तेवढ्यात सई म्हणाली, "मम्मा, व्हेअर डिड द ओशन गो?"

धुकं! मार्चमध्ये तिथे असं होतं म्हणे, पाणी थंड आणि वरून गरम दमट हवा आली की समुद्रावर धुकं लोटतं. बोटीच्या टोकापुढचं चार-सहा हातांपलीकडचं काही दिसेनासं झालं. रेडिओवरचा माणूस सांगत होता की हेलिकॉप्टर उतरवता येणार नाही, बोट पाठवतोय पण तिलाही वेळ लागेल, तुम्हाला येता येत असेल तर नदीच्या तोंडाकडे या, धक्क्यावर ॲम्ब्युलन्स उभी करतो.

कॅप्टन बोट सुरू करून अगदी सावकाश निघाला. मी ओरडले, जोरात चालवा ना! तो म्हणाला, "मॅडम, मधे वाळूचे पट्टे आहेत. गेल्या दोन वर्षांच्या वादळांत ते सगळे सरकलेत. माझ्या जीपीएसमधला नकाशा त्याच्या आधीचा आहे. एरवी मी पाण्याचा रंग बघून जातो, आज रंगच दिसत नाही. आणि ओहोटी चालू आहे. रुतलो तर भरती येईपर्यंत रुतलो."

मी हे आईंना मराठीत सांगितलं नाही. गरजच नव्हती. वाळू, ओहोटी, बोट... त्यांना हाताच्या खुणांवरून सगळं कळलं होतं. मंदारचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलेलं होतं. मग त्या अचानक म्हणाल्या, "मीनल, तू बस इथं. मी बसणार नाही ह्या वेळी." आणि त्याचं डोकं माझ्या मांडीवर देऊन त्या उठल्या आणि बोटीच्या पुढच्या टोकाला जाऊन, कठडा धरून, समुद्राकडे तोंड करून उभ्या राहिल्या. सई त्यांच्या पदराला धरून शेजारी.

खालून खर्रर्र आवाज झाला. तळ घासला. कॅप्टनने बोट मागे घेतली. दुसरीकडून प्रयत्न केला, पुन्हा खर्रर्र. त्याने इंजिन जवळजवळ बंदच केलं. त्या शांततेत मंदारचा श्वास मला ऐकू येत होता, आणि मी, कधी देवाला हात न जोडणारी बाई, काय वाटेल ते पुटपुटत होते.

आणि सई किंचाळली, "आजी! युअर कोकोनट!"

मी मान वर केली. धुक्यात, बोटीच्या पुढे, थोड्याच अंतरावर पाण्यावर एक गोल काळपट काहीतरी डुलत होतं आणि त्याला शेंडी होती. मला एवढंच दिसलं, माझा जीव मांडीवरच्या डोक्यात होता. पण आई, सई आणि कॅप्टन, तिघांनी तो नीट बघितला.

इथवर तुम्ही म्हणाल, त्यात काय! नदीत सोडलेला नारळ ओहोटीबरोबर समुद्रात येणारच. बरोबर! मीही तेच म्हणेन. पण ऐका. ओहोटीचं पाणी किनाऱ्याकडून आमच्याकडे येत होतं. तो नारळ किनाऱ्याकडे निघाला. पाण्याच्या उलट!

"ह्याच्या मागनं जा," आई म्हणाल्या. मराठीत. आणि हात पुढे केला. कॅप्टनने क्षणभर त्यांच्याकडे बघितलं, क्षणभर पाण्याची खोली दाखवणाऱ्या मशीनकडे, आणि बोट वळवली.

नारळ पुढे, बोट मागे. सई कॉमेंट्री करत होती, जणू मॅच चालली आहे. "लेफ्ट! इट्स गोइंग लेफ्ट! नाऊ स्ट्रेट!" कॅप्टन मशीनवरचे आकडे मोठ्याने वाचत होता आणि त्याचा आवाज चढत होता, कारण पाणी खोलच खोल मिळत होतं. एकदा त्याला वाटलं नारळ फारच उजवीकडे चाललाय, म्हणून त्याने बोट सरळ ठेवली, आणि लगेच खर्रर्र! त्याने स्वतःच्या छातीवर क्रूसाची खूण केली, बोट मागे घेतली, आणि बघतो तर नारळ तिथेच. थांबलेला! खोटं नाही सांगत, तो थांबला होता. आम्ही वळलो तसा निघाला. मला हसू येत होतं आणि मी रडत होते, आणि मंदार मांडीवरून क्षीण आवाजात विचारत होता, "काय चाललंय? मॅच कोण जिंकतंय?" मी म्हटलं, आपण. गप्प पड.

मग धुक्यातून नदीच्या वाटेवरचा लाल खुणेचा खांब बाहेर आला, मग हिरवा, आणि कॅप्टनने ग्रीकमध्ये अशी आरोळी ठोकली की सई दचकली. तिथून वाट त्याला पाठ होती. धक्क्यावर ॲम्ब्युलन्सचे दिवे चमकत होते. मंदारला स्ट्रेचरवर घेतलं, मी त्याच्याबरोबर धावले. मागे काय झालं ते मला नंतर कॅप्टनने सांगितलं. नारळ धक्क्याच्या त्याच खांबापाशी येऊन थांबला होता. सईसाठी काढून द्यावा म्हणून त्याने आकडीची काठी घेतली तर आईंनी त्याचा हात धरला आणि मानेने नको म्हटलं. दिलेलं परत घ्यायचं नसतं. त्यांनी फक्त वाकून नारळाला हात लावून नमस्कार केला.

मंदारच्या हृदयाच्या एका मोठ्या रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी अडकली होती. स्टेंट घातला. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत, आणखी उशीर झाला असता तर आपण हे बोलत नसतो. आज मंदार ठणठणीत आहे, रोज चालायला जातो आणि तळलेलं दिसलं की माझ्याकडे बघतो.

आता माझ्यातली टेस्टर काय गप्प बसणार? महिनाभरातच मी स्पष्टीकरण शोधून काढलं. बोट पुढे जाते तेव्हा पुढच्या टोकाशी पाण्याची लाट तयार होते आणि ती तरंगती वस्तू पुढे ढकलते. झालं! आम्ही नारळाच्या मागे जात नव्हतो, आम्हीच त्याला ढकलत होतो. मंदार म्हणाला, मग तो बोटीच्या आधी कसा वळत होता? आणि आपण मागे गेल्यावर थांबला कसा? मी म्हटलं, करून बघू.

म्हणून पुढच्या मार्चमध्ये आम्ही पुन्हा गेलो! आई तेव्हा गावी परतल्या होत्या. फोनवर म्हणाल्या, "समुद्राची परीक्षा घेत्येस काय गो?" पण मी इंडियन ग्रोसरीतून सहा नारळ घेतले, तसाच काथ्या आणून तशाच शेंड्या केल्या, आईंच्यासारख्या सुबक नाही पण बऱ्या, त्यावर लाल लोकर बांधली. कॅप्टन निकने आम्हाला बघून मिठीच मारली. स्वच्छ ऊन, ओहोटी, तीच वाट. एकेक नारळ बोटीपुढे सोडला. पहिला बोटीच्या कडेने मागे गेला. दुसराही. सगळे सहाच्या सहा ओहोटीबरोबर समुद्राकडे गेले, एकानेही पुढे यायचं नाव घेतलं नाही. नंतर ते गोळा करता करता पुरेवाट झाली.

शेवटचा नारळ जाळीने वर काढताना कॅप्टनने तो हातात फिरवला आणि म्हणाला, "पण तुम्ही सगळ्यांना लाल का बांधलंय?"

"कारण तेव्हाही लालच होतं."

"नाही," तो म्हणाला. "मी त्याच्या मागे इतका वेळ बोट चालवली आहे. हिरवं होतं. दोरा नव्हता, कापड होतं. कापडाची पट्टी."

मी सईकडे वळले. ती आता सहा वर्षांची, आणि माझ्या अज्ञानाला कंटाळलेली. "ग्रीन, मम्मा. ऑफ कोर्स इट वॉज ग्रीन. अँड इट डिडन्ट हॅव द लाइन." म्हणजे ती करवतीची खाच. ती नव्हती म्हणते. गुळगुळीतही नव्हता म्हणते, केसाळ होता.

रात्री हॉटेलवर मी लॅपटॉप उघडून तो फोटो काढला. आईंचे हात. तासलेला नारळ, मधोमध खाच, काथ्याची शेंडी, लाल लोकर. हिरवं काहीही नाही. मंदार म्हणाला, असेल दुसऱ्या कुणाचा तरी नारळ, फ्लोरिडात काय कमी देशी लोक आहेत? मी म्हटलं, असेल. आणि भारतात सकाळ झाल्यावर मी गावी फोन लावला.

मी कसलीही प्रस्तावना केली नाही. "आई, त्या नारळाला हिरवं काय होतं?"

पलीकडे शिवणयंत्राचा आवाज येत होता, तो थांबला.

"तुला कोणी सांगितलंन?"

"कॅप्टनने. सईने. तुम्ही बघितलं होतंत ना?"

"बघितलं तर. म्हणून तर म्हटलं ना, ह्याच्या मागनं जा. सकाळचा नारळ असता तर मी कशाला म्हटलं असतं? त्याला काय ठाऊक होतं?" मग म्हणाल्या, "ह्यांना घेऊन निघालो ना लाँचमध्ये, तेव्हा मी समुद्राची ओटी भरली होती. नारळ होता घरचा, झाडावरचा. ओटीला खण नव्हता गो, कुठला असायला त्या गडबडीत. अंगावर हिरवं लुगडं होतं माझं, लग्नातलं. त्याचा काठ फाडला आणि बांधला शेंडीला. आणि सांगितलं नारळाला, ह्यांना पलीकडं पोचव."

ही गोष्ट त्यांनी आजवर कुणालाही सांगितली नव्हती, मंदारलासुद्धा. सांगण्यासारखं काय होतं त्यात? नारळ दिला आणि माणूस गेला.

लाटेचं माझं स्पष्टीकरण मी मागे घेतलं आहे. दुसरं माझ्याकडे नाही. कॅप्टनला मी अजून फोन करते, तोही म्हणतो की त्याच्याकडे नाही. तीस-बत्तीस वर्षं कुठलाही नारळ पाण्यात टिकत नाही, कापड तर नाहीच, आणि आमच्या खाडीपासून फ्लोरिडापर्यंत मधे निम्मी पृथ्वी आहे, हे मला तुमच्याइतकंच कळतं. कुणाला सुचलं तर जरूर लिहा, मी प्रत्येक पत्र वाचेन.

त्या दिवशी फोनवर मी आईंना एवढंच विचारलं होतं, की तो नारळ तेव्हा का नाही आला? मला वाटलं त्या रडतील. त्या रडल्या नाहीत. त्यांच्या आवाजात राग तर मुळीच नव्हता.

"तेव्हा उशीर झाला त्याला," त्या म्हणाल्या. "माझा राग होता म्हणून त्याचा बिचाऱ्याचा कधी विचारच केला नाही मी. सांगितलेलं काम राहिलंय म्हणून तो फिरतच होता गो."

आणि मग फोनवर मला करकर आवाज ऐकू आला, बराच वेळ. मी विचारलं, आई, कसला आवाज? त्या म्हणाल्या, काही नाही, मागचं दार गंजलंय, उघडायला जोर लागतोय.